चौथ्या कुपीचा वास

प्रिय ताई,

पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. एक दिवसाआड फोन करणारी बहीण एकदम पत्र लिहिते, म्हणजे एकतर हिचं कुणाशी तरी वाजलंय, नाहीतर हिला काहीतरी मागायचंय, असं तू म्हणाली असशील. दुसरा अंदाज बरोबर आहे. मला तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे आणि ती फोनवर मागता येत नाही, कारण फोन आटोपता घेण्यात तुझा हात कुणी धरू शकणार नाही. बोलणं जरा अडचणीच्या बाजूला वळलं की तुझ्याकडे दूध उतू जायला लागतं, दारावर कुणीतरी येतं, नाहीतर भावोजींना चष्मा सापडत नाही. पत्राला असं मधेच तोडता येत नाही. फार तर तू ते घडी घालून बाजूला ठेवशील, पण अर्धवट वाचलेलं पत्र घरात असताना तुला चैन पडायची नाही, एवढी तर मी तुला ओळखते. तेव्हा खुर्ची ओढ आणि शेवटपर्यंत वाच. भावोजींना इतक्यात दाखवू नकोस. मला तुझी काळजी वाटतेय. गेला महिनाभर वाटतेय आणि रविवारी तुझा फोन झाल्यापासून तर माझा जीव टांगणीला लागलाय. ती काळजी कशाची, हे मी आज नीट लिहून काढणार आहे.

तू सेंट मागितलेस तिथून सुरुवात करते. आपल्या घरात वासाचं वेड काय ते माझं एकटीचं. मी इतकी वर्षं सेंटच्या दुकानात उभी राहतेय, पण तू कधी मनगटावर एक थेंब लावून घेतला नाहीस. मला धुतलेल्या कपड्याचा वास पुरतो, म्हणायचीस, आणि मी घरात शिरले की खिडकी उघडायचीस. एका वाढदिवसाला दिलेली बाटली तू सीलबंदच लेकीच्या हवाली केलीस आणि त्या कार्टीने ती पडद्यांवर मारून संपवली, तेही मला ठाऊक आहे. अशी तू मागच्या महिन्यात फोन करून म्हणालीस, "शेपटे, अगदी नवशिक्या माणसाला चालतील असे चार-पाच सेंट निवडून दे ना. मोठ्या बाटल्या नकोत. भपका नको. पण झाकणारे हवेत." मला इतका आनंद झाला की मी आधी तुझी थट्टाच केली. जन्मभर नाकासमोर चाललीस, आता या वयात कुणाला भुरळ घालायचीय, असं काहीतरी म्हणाले. तू हसलीस, पण जरा उशिरा हसलीस. फोन ठेवल्यावर तो उशीर माझ्या लक्षात आला आणि मग तो एक शब्दही. नवखं गिऱ्हाईक ताजा मागतं, गोड मागतं, दिवसभर टिकणारा मागतं. झाकणारा सेंट तेच मागतं ज्याला काहीतरी झाकायचं असतं.

मी मनाला समजावलं की उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नये. तुझं काम दिवसभर वाफेत आणि इस्त्रीच्या टेबलाशी, शिवणखान्यात पंखे धड चालत नाहीत, घाम येतो, माणसाला वाटतं थोडं बरं दिसावं, बरं वाटावं. कामाला लागले. नवशिक्याचा संग्रह करून देणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम. नवखं माणूस दुकानात आलं की त्याला सगळंच आवडतं आणि घरी गेल्यावर काहीच आवडत नाही. म्हणून मी मोठी बाटली हाताला लागूच देत नाही. करंगळीएवढ्या कुप्या भरते आणि प्रत्येकीवर नुसता आकडा घालते. नाव लिहिलं की ते वासाच्या आधी नाकात शिरतं आणि मग माणूस नावाचाच वास घेतं. तुझ्यासाठी पाच भरल्या. पहिली सकाळची, लिंबाच्या सालीची, चटकन येऊन चटकन जाणारी. दुसरी गुलाबाची, पण साबणातला गुलाब नव्हे, देठासकट तोडलेला, जरा हिरवट. तिसरी लाकडाची, नुकती टोक केलेली पेन्सिल आठव. पाचवी उबदार, गोडसर, थंडीत गळ्याशी लावायची. चौथीचं नंतर सांगते. डब्यात कापूस घालून, एकीला दुसरी लागणार नाही अशा त्या बसवल्या, आणि मालकीणबाईंनी वर आपल्या हाताने झाकण लावलं. आता आठवलं की वाटतं, ते झाकण लावताना माझं मन किती हलकं होतं.

डबा पाठवायच्या आधीच मी तुला फोनवर पढवून ठेवलं होतं. मनगट मनगटावर घासायचं नाही. लावल्या लावल्या मत द्यायचं नाही, जरा कामाला लागायचं आणि मग पुन्हा हुंगायचं. आणि एका कुपीनंतर दुसरी उघडायच्या आधी नाक कोरं करायचं. त्यासाठी काही दुकानांत कॉफीच्या बिया ठेवतात. मालकीणबाई म्हणतात, ते सगळं नाटक आहे, खरी पाटी पुसायची तर आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा. आपल्या अंगाचा वास नाकाला इतका सवयीचा असतो की तो त्याच्या हिशेबी नसल्यासारखाच, त्यावर नाक विसावतं. मी तुला हे सांगितलं तर तू विचारलंस, त्याऐवजी कॉफीच नाही का चालणार. मी म्हटलं, अगं कोपर फुकट आहे, कुठे जायचं त्यासाठी. त्यावर तू म्हणालीस, "माझ्या कोपराचं काही सांगू नकोस तू," आणि लगेच तुझं दूध उतू गेलं. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. साधा आपल्या हाताचा वास घ्यायला माझी बहीण का घाबरते, हे मला कळेना, आणि विचारायची हिंमतही होईना.

मग मी मागे जाऊन एकेक आठवायला लागले. मी तुझ्याकडे येऊन गेले ती भेट आठवली. आपण भेटलो की तू मला दारातच आवळतेस, इतकी की माझ्या पिशव्या गळून पडतात. त्या दिवशी तू दार उघडलंस आणि एक पाऊल मागे सरकलीस. हात ओले आहेत म्हणालीस. हात ओले नव्हते, ताई. मला तेव्हा वाटलं, माझंच काही चुकलंय, येताना कळवलं नाही म्हणून रागावली असशील. दिवसभर तू माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसलीस. चहा ओतताना मधेच थबकलीस, नजर कुठेतरी भिंतीवर, चहा कपातून बशीत आणि बशीतून टेबलावर, आणि मी हाक मारल्यावर, "अं, काय म्हणत होते मी," म्हणालीस. भावोजी म्हणाले, हल्ली हिचं लक्षच नसतं. मीही हसले, म्हणाले वय झालं तुमच्या बायकोचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि एरवी माझं मन नको ते चिंतण्यात पटाईत आहे, पण त्या दिवशी जेव्हा चिंतायला हवं होतं तेव्हा ते मेलं झोपलं होतं.

त्याच भेटीत भावोजींनी मला इस्त्रीची गोष्ट रंगवून सांगितली. तुला शिवणखान्यात कापड करपल्याचा वास यायचा म्हणून तू इस्त्री बदलून घेतलीस, मग टेबलावरची गादी बदललीस, मग शेजारच्या मशिनवालीशी भांडलीस की तुझी मोटर जळतेय. मग तोच वास घरी यायला लागला. तारा तपासायला वायरमन आला, त्याने घरातली सगळी बटणं खोलली आणि काही सापडलं नाही तेव्हा जाताना म्हणाला, बाई, तुमच्या घरात एकच गोष्ट गरम आहे, तुमचं डोकं. भावोजी हे सांगून पोट धरून हसले. तू हसली नाहीस. तू उठून पडदे काढायला लागलीस, पुन्हा एकदा धुवायला. मला विचारलंस, "तुला येतो का गं काही वास?" मी खोल श्वास घेऊन म्हटलं, भात शिजतोय, खिडकीत ओला टॉवेल आहे आणि भावोजींनी केसाला तेल जास्त लावलंय. मला वाटलं होतं, ते ऐकून तुझ्या जिवात जीव येईल. उलट तू जास्तच घाबरलीस. मला ते तेव्हा कळलं नाही. आता कळतंय. इस्त्रीचा नाही, तारांचा नाही, पडद्यांचा नाही, मग उरलं कोण, असा विचार तू करत होतीस.

यानंतरच्या दोन गोष्टी तुला माहीत नाहीत, आणि सांगितल्या म्हणून तू माझ्यावर चिडशील. चिड. पहिली अशी की भावोजींनी मला फोन केला होता. तुला ठाऊक आहे, तो माणूस मला स्वतःहून फोन करत नाही, केला तरी गॅसच्या नंबरापलीकडे बोलत नाही. त्या दिवशी हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या बहिणीला माझा राग आलाय का गं? दुसऱ्या खोलीत झोपते हल्ली. घोरण्याचा त्रास होतो म्हणते. मी तर लग्नापासून घोरतोय." त्यांचा आवाज असा झाला होता की मला थट्टा सुचेना. दुसरी गोष्ट तुझ्या लेकीची. तिने मला विचारलं, "मावशी, आईला माझं बाळ आवडलं नाही का?" तू नातीला घेतेस ती टॉवेल मधे धरून, लांब हातांवर, आणि लगेच परत देतेस. तिच्या टाळूवर ओठ टेकवत नाहीस. जी बाई शेजाऱ्यापाजाऱ्यांची पोरं कडेवरून उतरू देत नसे, ती स्वतःच्या नातीला हात स्वच्छ नाहीत म्हणून परत करते. लेक म्हणाली, माझ्या नवऱ्यावरून आईचा राग अजून गेला नाही बहुतेक. ताई, तुझ्या घरातली दोन माणसं आपापल्या कोपऱ्यात बसून आपलं काय चुकलं ते शोधतायत, आणि तू तिसऱ्या कोपऱ्यात बसून तेच करतेस.

तुला काय वाटतंय ते मी आता सरळ लिहिते, चुकत असेन तर कान धर. तुला वाटतंय की तो वास तुझ्या अंगाला येतो. करपल्यासारखा, कोंदट, कितीही घासून अंघोळ केली तरी न जाणारा. म्हणून तू साबण बदललेस, म्हणून बाथरूममधे चार तऱ्हेचे साबण ओळीने होते आणि मी विचारल्यावर म्हणालीस स्वस्त मिळाले. म्हणून कामावर भिंतीकडची जागा मागून घेतलीस. म्हणून माझ्यापासून मागे सरकलीस. म्हणून तुला झाकणारे सेंट हवेत. आणि तू कुणाला विचारलं नाहीस, कारण समोरच्याने हो म्हटलं तर काय करायचं, आणि नाही म्हटलं तर तो भिडेपोटी म्हणतोय असंच तुला वाटणार. हे सगळं तू एकटीने, इतके दिवस, तोंडातून शब्द न काढता सोसलंस याचं मला रडू येतं आणि रागही येतो. लहानपणी आपण एका पांघरुणात झोपायचो. मी तुझी पाठ सोडत नसे म्हणून तूच मला शेपूट म्हणायला लागलीस. त्या शेपटीला तरी विचारायचंस.

म्हणून मी माझ्या परीने खात्री करून घेतली. निघताना गार वारा सुटला होता म्हणून तू नको नको म्हणत असताना मी खुंटीवरचा तुझा राखाडी स्वेटर अंगात घालून आले होते, कोपराशी रफू केलेला. डबा पाठवल्यावर मी तो कपाटातून काढला आणि बहीण म्हणून नव्हे, धंद्यातली बाई म्हणून त्याचा वास घेतला. नाक धुवून, खिडक्या उघडून, आधी गळा, मग काखा, मग मनगटाची कड. गिऱ्हाइकाला सांगते तसं तुला सांगते. आधी येते कपड्याच्या साबणाची पांढरी, कोरडी झुळूक. मग खळ आणि वाफ, तुझ्या कामाची. मग बऱ्याच वेळाने, लोकरीच्या आतून, ऊन लागलेल्या गव्हाच्या पोत्यासारखा एक वास येतो, थोडासा गोड, थोडासा खारट. तो तुझा. तो मी डोळे बांधून शंभर बायकांतून ओळखेन, पांघरुणात तोच तर असायचा. त्यात करपलेलं काही नाही. कणभर नाही. आणि माझं नाक भिडेला पडत नाही हे तुला माहीत आहे, कारण भावोजींच्या बुटांबद्दल त्यांच्या तोंडावर बोलणारी आपल्या घरात मी एकटीच.

हे तुला लगेच फोन करून सांगणार होते. शब्द जुळवत होते. तेवढ्यात रविवारी तुझाच फोन आला, डबा मिळाला म्हणून, आणि तू इतकी खुशीत होतीस की मी म्हटलं आधी हिला खेळू दे. तू फोन टेबलावर ठेवून एकेक कुपी उघडत गेलीस. पहिली हुंगून म्हणालीस, लिंबू, आणि हात धुतल्यासारखं वाटतं. बरोबर. दुसरी गुलाब, पण कच्चा. बरोबर. तिसरी पेन्सिलचा डबा, शाळेतला. ताई, मी तुला पेन्सिलचं काही बोलले नव्हते. मला इतका अभिमान वाटला, वाटलं उगाच हिला शिवणखान्यात घातलं, ही माझ्या शेजारी उभी राहायला हवी होती. मग तू चौथी उघडलीस आणि गप्प बसलीस. मी दोनदा हाक मारली. काहीतरी टेबलावर पडल्याचा आवाज आला. मग तू आलीस, आवाज थोडा जड, आणि म्हणालीस, "ही नको गं. ही कोण विकत घेतं? नुसतं करपलेलं कापड. लोकर जळाल्यासारखं. पोटात ढवळून आलं मला." मग लगेच, माझं मन राखायला, म्हणालीस की पाचवी मात्र छान आहे, तिने सगळं झाकलं जातं. त्या वेळी फोन आटोपता मी घेतला, तू नव्हे.

आता चौथीचं सांगते. आमच्या दुकानाची एक जुनी रीत आहे, मालकीणबाईंच्या सासऱ्यांपासूनची. नवख्या गिऱ्हाइकासाठी कुप्या भरताना त्यांत एक मुकी ठेवायची. मुकी म्हणजे जिच्यात सेंट नाहीच, नुसतं तेल आहे, ज्यात आम्ही अर्क मिसळतो ते. त्याला कसलाही वास नसतो, नसावा म्हणूनच ते वापरतात. माणसं भिडस्त असतात. वास न येताही वा, छान म्हणतात. मुकीला कुणी छान म्हटलं की आम्ही समजतो, याचं नाक दमलंय किंवा हा आपलं मन राखतोय, आज याला काही विकायचं नाही, चहा पाजायचा आणि उद्या बोलवायचं. तुझ्या डब्यात मी ती ठेवली सवयीने आणि थोडी थट्टेने. मला वाटलं होतं तू म्हणशील, शेपटे, ही रिकामीच धाडलीस का, आणि मग मी तुला हसेन. तुझा फोन झाल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा आपलीच चूक निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसले. सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या ज्या बाटलीतून ती भरली होती ती काढली. मी हुंगली, मालकीणबाईंनी हुंगली, पॅकिंगवाल्या मावशींनी हुंगली, पार्सल न्यायला आलेल्या माणसालाही हुंगायला लावली. सगळे म्हणाले, काही नाही. पार्सलवाला म्हणाला, काय हो बाई, पाणी विकायला लागलात का. बाकी कुप्यांत दुसरा वास होता. मुकीत काहीच नव्हतं, आणि नेमकं तिथेच तुला ते करपलेलं आलं.

याचा अर्थ मी दोन वाक्यांत लिहिते. तुझ्या अंगाला वास येत नाही. आणि जो वास तुला येतो तो बाहेर कुठेच नाही, तो तुला आतून येतोय. पहिलं वाक्य पुन्हा वाच, ते सगळ्यांत आधी तुझ्यापर्यंत पोचायला हवंय. दुसऱ्यासाठी मी आमच्या दुकानासमोरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, तुझं नाव न सांगता. त्यांनी विचारलं, बोलता बोलता थबकतात का, हातातलं सुटतं का, पोटातून काही वर आल्यासारखं होतं का. पहिल्या दोन्हींना मी हो म्हटलं. तिसऱ्याचं तूच रविवारी सांगितलंस. त्या म्हणाल्या, नाकापेक्षा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, साधंसुधं निघेल, गोळ्यांनी आवरेल असंही असू शकतं, पण अंदाज करत बसू नका आणि उशीर करू नका. मी घाबरलेय, ताई. लपवत नाही. आपली आई होईल बरं, होईल बरं म्हणत राहिली आणि आपण तिचं ऐकलं, ते मला आता पुन्हा करायचं नाही. म्हणून तुझ्याकडे मागायचं ते एवढंच. हे पत्र मी आजच पार्सलवाल्याच्या हाती देतेय, मंगळवारी तुला मिळेल. गुरुवारी सकाळची वेळ मी घेतलीय, त्या दिवशी तू माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचंस. कामावर काय सांगायचं ते मी बघते. तोवर इस्त्रीला हात लावू नकोस, रस्ता एकटीने ओलांडू नकोस, आणि आज संध्याकाळी हे पत्र भावोजींच्या हातात दे, म्हणजे त्या बिचाऱ्याला कळेल की त्याच्या घोरण्याने कुणाचं काही बिघडलं नाही. मग त्यांच्याबरोबर लेकीकडे जा, टॉवेल बाजूला ठेव आणि त्या पिटुकलीला खांद्यावर घे. बसून घे, पण घे. तिच्या नाकाला अजून काहीच माहीत नाही, तिचा संग्रह तुझ्या वासाने सुरू होऊ दे. मी बुधवारी संध्याकाळी पोचते. बेल वाजली की दार तूच उघड, आणि मी आत येईन तेव्हा मागे सरकू नकोस.

तुझीच,
शेपूट

ता. क. स्वेटर परत मिळणार नाही.